पाकिटावर भाव छापला, पण पावती कुणाच्या हातात?

लिंबागणेशसारख्या बालाघाटातल्या कोरडवाहू गावात मृगाचा पाऊस पडला की कृषी सेवा केंद्रापुढं गर्दी होते. फळीवर अनेक कंपन्यांची पाकिटं असतात. यालाच स्पर्धा म्हणतात. आमचा प्रश्न एवढाच आहे : ही स्पर्धा कुणासाठी?

इतिहास बघू. मार्च 2002 मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. पाकिटावरची नावं पुढं वाढत गेली, पण बहुतेक बियाण्यांतलं जनुक एकाच घरचं, मॉन्सँटोचं होतं. 450 ग्रॅमच्या पाकिटाला सुमारे 1600 रुपये पडत. 2006 साली आंध्र प्रदेश सरकार मक्तेदारी आयोगाकडं गेलं, तेव्हा भाव 750 च्या आसपास आला. महाराष्ट्रानं 2009 साली कायदा केला, केंद्रानं डिसेंबर 2015 मध्ये भाव नियंत्रणाचा आदेश काढला. म्हणजे भाव बाजारानं नव्हे, कायद्यानं उतरवला.

दर्जाचं काय? 2020 साली मराठवाड्यात सोयाबीन उगवलं नाही म्हणून तक्रारींचा ढीग लागला. औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. बियाणं घेणारा शेतकरी हा ग्राहकच आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं 2012 सालीच सांगितलं होतं. पण ग्राहक असल्याचं सिद्ध करायला पावती लागते.

आपल्या वस्तीत गायरान कसणाऱ्याच्या नावावर सातबारा नाही. म्हणून बँकेचं पीककर्ज नाही. म्हणून बी-खत उधारीवर. उधारीवाला पाकीट निवडत नाही, दुकानदार देईल ते उचलतो. युरियासोबत नको असलेली बाटलीही त्याच्याच माथी मारली जाते. पक्क्या पावतीऐवजी वहीत नुसतं नाव चढतं. बी उगवलं नाही तर दाद कशाच्या आधारावर मागायची?

बाबासाहेबांनी 1947 साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये शेती हा राज्याचा उद्योग असावा, जमीन जातिधर्मभेद न करता कसायला द्यावी, आणि पाणी, बैल, अवजारं, खत, बियाणं राज्यानं पुरवावं, असं मांडलं. जमीन आणि बियाणं त्यांनी एकाच कलमात बांधलं होतं. आपण ते तोडलं आणि बियाणं बाजाराच्या हवाली केलं.

म्हणून मित्रांनो, पक्की पावती मागा. पाकीट, टॅग आणि मूठभर बी जपून ठेवा. सोयाबीनचे 100 दाणे ओल्या गोणपाटात उगवून बघा, 70 तरी उगवले पाहिजेत. आणि गायरान नावावर करण्याची लढाई सोडू नका. ज्याच्या हातात सातबारा नाही, त्याच्यासाठी बाजारात स्पर्धा नसते. असते ती फक्त उधारी.

जयभीम!