आठवणींपलीकडची गोष्ट

स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीला 'मला ओळखलंत का?' असे वारंवार विचारले जाते. उत्तर न सापडल्याने ती अधिकच अबोल होते. अमेरिकेतील मिलवॉकी शहरात रंगभूमीच्या अभ्यासक अ‍ॅन बास्टिंग यांनी १९९०च्या दशकात हा प्रश्नच बदलला. वृद्धाश्रमातील रुग्णांना मासिकातील एका काउबॉयचे चित्र दाखवून 'याचे नाव काय ठेवू या?' असे त्यांनी विचारले. प्रत्येक उत्तर जसेच्या तसे लिहून घेतले आणि त्यातून गोष्ट उभी राहिली. ही पद्धत पुढे 'टाइमस्लिप्स' नावाने रुजली. २०१६ मध्ये बास्टिंग यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली.

यामुळे आजार बरा होत नाही. मात्र चुकण्याची भीती उरत नसल्याने माणूस पुन्हा बोलू लागतो. घरी कॅलेंडरवरचे चित्रही पुरते. कुटुंबाचे छायाचित्र मात्र टाळावे. अन्यथा पुन्हा स्मरणशक्तीची परीक्षाच सुरू होते.