टँकर उलटला की कॅन घेऊन पळणाऱ्यांसाठी, उरणची गोष्ट

आपल्या नांदेड-लातूरकडं तेल म्हटलं की करडईचं, नाहीतर सोयाबीनचं. पेट्रोल, डिझेल, गॅस येतो तो टँकरनं. म्हणून ही समुद्रातली गोष्ट आपल्यालाही माहीत पाहिजे.

फेब्रुवारी १९७४. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, भर समुद्रात 'सागर सम्राट'ला तेल लागलं. मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. आधी तेल जहाजांत भरून आणायचे. १९७८ पासून ते पाइपलाइननं उरणला येऊ लागलं, पुढं गॅसही आला.

गॅससोबत एक पातळ, पेट्रोलसारखं द्रव येतं. त्याला कंडेन्सेट म्हणतात. दिसायला साधं, पण दाबाखाली त्यात इथेन, प्रोपेन, ब्युटेन विरघळलेले असतात. गोटी सोड्याची गोटी दाबली की कसं फसफसतं? अगदी तसंच. साध्या टाकीत ओतलं तर वायू उसळून बाहेर. प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो, ब्युटेन शून्याच्या आसपास, पेंटेन ३६ ला. आणि आपला मे महिना ४० च्या पुढं!

म्हणून उरणला आधी त्याला शांत करतात. दाब कमी करायचा, उंच मनोऱ्यात खालून उष्णता द्यायची. हलके वायू वर जातात, जड द्रव खाली उरतं. हेच स्थिरीकरण. वरच्या वायूंतून स्वयंपाकाचा गॅस निघतो, खालच्या द्रवातून नाफ्था. एवढं केल्यावरच टाकीत साठवायचं, टँकरमध्ये भरायचं.

तरी चूक झाली की काय होतं? नोव्हेंबर १९९०, नागोठणे: इथेन-प्रोपेनची गळती, स्फोट, तीसहून अधिक बळी. ३ सप्टेंबर २०१९, उरण: पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या गटारात आग लागली. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या तीन जवानांसह चौघे गेले. आग गटारात कशी? कारण ही वाफ हवेपेक्षा जड. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत उताराकडं सरकते. दिसतही नाही.

स्थिर केलेलं तेलसुद्धा पेट घेणारच. तिथं शिकलेली माणसं, बंब, नियम सगळं असून जीव गेले. आपल्या हायवेवर काय असतं? मोबाइल काढून उभी असलेली गर्दी, आणि बिडी ओढणारा एखादा.

तेव्हा टँकर उलटला तर कॅन घरीच ठेवा. वाऱ्याच्या उलट्या बाजूला लांब जा, नाल्यात-सखलात थांबू नका, गाडी चालू करू नका आणि ११२ ला फोन करा. पाच लिटर पेट्रोलपायी घर उघडं पडू नये, एवढंच.