बावन्न मिनिटं आणि त्याआधीचे सहा दिवस

३ जानेवारी २०२०, दुपार. वुहानमधल्या नव्या आजाराच्या एका रुग्णाचा नमुना कोरड्या बर्फातून शांघायला झांग योंगझेन यांच्या प्रयोगशाळेत पोहोचतो. त्याच दिवशी बीजिंगचा आदेश निघतो: परवानगीशिवाय या आजाराची माहिती कुणी प्रसिद्ध करायची नाही.

५ जानेवारी, पहाटे दोनचा सुमार. जवळपास चाळीस तासांत विषाणूचा जनुकक्रम हाती येतो. हा तर सार्सचा भाऊबंद. झांग सरकारला लगेच सावध करतात. क्रम मात्र जगाला दिसत नाही.

६ जानेवारी, अमेरिका. सरकारी लस-संशोधक बार्नी ग्रॅहम यांचा प्रथिनांची रचना अभ्यासणाऱ्या जेसन मॅकलेलन यांना फोन. मॅकलेलन सुट्टीवर, यूटातल्या एका दुकानात बर्फावरचे बूट पायाला बेतून घेत आहेत. नवा कोरोना विषाणू दिसतोय, तयार राहा. आणि ते तयारच असतात; मला या साऱ्या घटनाक्रमात सर्वांत मोलाची वाटते ती ही गोष्ट. विषाणूच्या अंगावरचं काटेरी प्रथिन पेशीत शिरताना वाऱ्यात उलटलेल्या छत्रीसारखा आकार बदलतं. विषाणूला निष्प्रभ करणारी बहुतेक प्रभावी प्रतिपिंडं ओळखतात तो न उलटलेला आकार. लसीने शरीराला उलटलेलं प्रथिन दाखवलं, तर बरीचशी मेहनत वाया. मर्स या आधीच्या कोरोना विषाणूवर काम करताना ग्रॅहम-मॅकलेलन यांच्या चमूला तोड सापडली होती: नेमक्या दोन जागी प्रोलिन हे ताठर अमिनो आम्ल बसवलं की प्रथिन पहिल्या आकारातच अडकून राहतं. २०१७ साली हे छापूनही आलं होतं. तेव्हा मर्सची फारशी धास्ती कुणाला उरली नव्हती.

११ जानेवारी, सकाळ. झांग बीजिंगच्या विमानात बसलेत. सिडनीहून त्यांचे सहकारी विषाणूशास्त्रज्ञ एडवर्ड होम्स फोनवर विचारतात, आता तरी प्रसिद्ध करू का? होकार मिळतो. क्रम हाती पडल्यापासून बावन्न मिनिटांत होम्स तो इंटरनेटवर टाकतात. फुकट, सगळ्यांसाठी.

१२ जानेवारी. झांग यांच्या प्रयोगशाळेला ‘सुधारणे’साठी टाळं.

१३ जानेवारी. मॉडर्ना कंपनी आणि अमेरिकी सरकारी शास्त्रज्ञ लसीचा क्रम पक्का करतात. १२७३ अमिनो आम्लांच्या त्या प्रथिनात ९८६ आणि ९८७ या जागी प्रोलिन. आराखड्याला लागले दोन दिवस. त्याच दिवशी थायलंडमध्ये चीनबाहेरचा पहिला रुग्ण नक्की होतो.

२० जानेवारी. माणसाकडून माणसाला लागण होते, हे श्वसनरोगतज्ज्ञ झोंग नानशान चिनी दूरचित्रवाणीवर सांगतात.

२३ जानेवारी, सकाळी दहा. वुहान बंद. तोवर लाखो लोक नववर्षासाठी शहराबाहेर पडलेले.

१६ मार्च, सिएटल. आराखडा पक्का झाल्यापासून ६३व्या दिवशी पहिल्या स्वयंसेवकाच्या दंडात सुई टोचली जाते. लस सुरक्षित आहे का, उपयोगी आहे का, हे तपासायला डिसेंबर उजाडणार असतो. ते काम घाईने उरकण्यासारखं नव्हतंच. पुण्यात महाराष्ट्रातले पहिले रुग्ण सापडून तेव्हा आठवडा झालेला असतो.