बिभा आणि संतमस

आमच्या भिवंडीत आकाश पाहायचं म्हणजे एके काळी भारनियमनाची वाट पाहावी लागे. दिवे गेले, यंत्रमागांचा खडखडाट थांबला, की गल्लीतली पोरं घेऊन मी गच्चीवर जायचो. चैत्रात मघा डोक्यावर असते. तिच्या दक्षिणेला, वासुकीच्या बाजूला, आकाश अगदी रिकामं वाटतं. पण तिथं ‘बिभा’ नावाचा तारा आहे. तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, दुर्बीण हवी.

या ताऱ्याभोवती गुरूसारखा वायूचा महाकाय ग्रह फिरतो. तोही इतक्या जवळून, की त्याचं वर्ष आपल्या दोन दिवसांहून किंचित मोठं! २००६ साली ताऱ्याच्या सूक्ष्म डुलण्यावरून तो सापडला. अंतर सुमारे ३४० प्रकाशवर्षं. म्हणजे आज आपल्याला मिळणारा प्रकाश संभाजी महाराजांच्या काळात निघालेला.

२०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेनं या जोडीचं बारसं करण्याचा मान भारताला दिला. ग्रहाला ‘संतमस’ हे नाव सुचवलं पुण्याच्या १३ वर्षांच्या शाळकरी मुलानं. संस्कृतात त्याचा अर्थ दाट अंधार. ढगांनी झाकोळलेल्या ग्रहाला शोभेलसा. ताऱ्याला नाव मिळालं बिभा चौधुरी यांचं.

या बाई कोण, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. कोलकात्यात देवेंद्रमोहन बोस यांच्याबरोबर त्यांनी विश्वकिरणांवर काम केलं. दार्जिलिंगच्या आणि संदकफूच्या डोंगरांवर छायाचित्रणाच्या काचा ठेवायच्या आणि त्यांवर उमटलेल्या कणांच्या खुणा मोजायच्या. मेसॉन हा कण त्यांच्या हाताशी आला होता. पण महायुद्ध सुरू झालं, चांगल्या काचा मिळेनात आणि काम तिथंच अडलं. पुढे ब्रिटनमध्ये सेसिल पॉवेल यांनी अधिक चांगल्या काचा वापरून याच पद्धतीनं शोध पुरा केला; त्यांना १९५० चं नोबेल मिळालं. पॉवेल यांनी या दोघांच्या आधीच्या कामाची नोंद केली, हा त्यांचा मोठेपणा. आपण मात्र तेवढंही केलं नाही.

मला लाज वाटली ती पुढचं कळल्यावर. १९४९ मध्ये होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्या रुजू झाल्या. संस्थेतल्या त्या पहिल्या महिला संशोधक. म्हणजे मुंबईतच, आमच्यापासून लोकलच्या अंतरावर! १९९१ मध्ये त्या वारल्या. त्यांचं चरित्र पुस्तकरूपानं आलं ते थेट २०१८ साली.

आता भिवंडीत दिवे फारसे जात नाहीत. तरी मघा दिसली की मी पोरांना बोट थोडं खाली न्यायला सांगतो. “काका, तिथं तर काहीच नाही,” ती म्हणतात. मग मी बिभाताईंची गोष्ट सुरू करतो.