तार सर्वांची, दोष कुणाचा?

लोकल नेटवर्कचा इतिहास सांगताना वेगाचे आकडे पुढे येतात. १९७३ साली झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात बॉब मेटकाफ यांनी इथरनेटची कल्पना मांडली आणि डेव्हिड बॉग्ज यांच्यासोबत ती उभी केली, तेव्हा वेग सेकंदाला २.९४ मेगाबिट होता. १९८० मध्ये तो १० झाला, १९९५ मध्ये १००. पण नेटवर्क सांभाळणाऱ्यांचे काम पालटले ते या आकड्यांमुळे नव्हे. बिघाड चटकन सापडू लागला, तो दुरुस्ती करणारे अधिक हुशार झाले म्हणून नाही, तर प्रत्येक संगणकाला स्वतःची वेगळी तार मिळाली म्हणून.

आरंभीच्या इथरनेटमध्ये सगळ्यांसाठी एकच कोॲक्सिअल केबल असे. ऐंशीच्या दशकात रूढ झालेल्या बारीक केबलचा एक तुकडा फार तर १८५ मीटर लांब. त्यावर ३० पर्यंत जोडण्या आणि दोन्ही टोकांना ५० ओमचे टर्मिनेटर. टोकाशी पोचलेला संकेत शोषून घेणे हे टर्मिनेटरचे काम. टेबल सरकवताना मधली जोडणी निसटली की संकेत त्या उघड्या टोकावरून उलटा फिरे आणि सगळेच संगणक एकदम मुके होत. बिघाड एका टेबलाशी, तक्रार तीस टेबलांची. मग केबल मधोमध सोडवायची, तिथे टर्मिनेटर लावायचा, कोणता अर्धा भाग चालतो ते पाहायचे आणि न चालणाऱ्या भागाचे पुन्हा दोन भाग करायचे. तारेत स्पंद सोडून, त्याचा प्रतिध्वनी परतायला लागणाऱ्या वेळावरून तुटीचे अंतर काढणारी उपकरणेही होती. तरी तुटीची जागा सापडेपर्यंत काम सगळ्यांचेच थांबलेले असे.

१९९० मध्ये पिळाच्या तारांवरचे इथरनेट मानक झाले. आता प्रत्येक संगणकापासून जास्तीत जास्त १०० मीटरची तार थेट हब या मधल्या पेटीपर्यंत जाऊ लागली. तार मोकळी असतानाही दोन्ही टोके एकमेकांना ठरावीक अंतराने स्पंद पाठवतात. ते येत असतील तरच त्या जोडणीचा दिवा लागतो. यावर आक्षेप असा, की अमेरिकेतल्या कार्यालयांत टेलिफोनच्या तारा आधीच होत्या, म्हणून ही मांडणी आली. दुरुस्तीच्या सोयीचा संबंध नाही. त्या तारांचा हातभार लागला, हे खरे. पण १९८५ मध्ये आलेल्या आयबीएमच्या टोकन रिंगसाठी जाड, महागडी, खास केबल टाकली जाई आणि तरीही प्रत्येक संगणकाची तार मधल्या पेटीपर्यंतच नेत. तार तुटली की पेटीतला रिले तेवढा संगणक वगळून वर्तुळ जोडून घेई. त्याआधी, १९७९ मध्ये, एमआयटीच्या जेरोम सॉल्टझर आणि केनेथ पोग्रन यांनी अशाच ताराकृती वर्तुळाचा आराखडा मांडला होता, आणि त्याच्या शीर्षकातच देखभालीच्या सुलभतेचा उल्लेख होता.

दुसरा आक्षेप असा, की खरे श्रेय दुसऱ्या संगणकाला हाक देऊन उत्तर येते का ते पाहणाऱ्या पिंगसारख्या साधनांचे. माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेत नेटवर्कच्या एका विचित्र वागण्याचा छडा लावण्यासाठी पिंग लिहिले. ते आजही अपरिहार्य आहे. पण सामायिक केबल तुटल्यावर पिंगला कुणाकडूनच उत्तर येत नाही, आणि तूट कुठे आहे ते कळत नाही. तारा वेगळ्या झाल्यावर मात्र तेच मौन नेमके बोट दाखवते.

या मांडणीचीही मर्यादा आहे: दिवा तारेची ग्वाही देतो, दोन टोकांच्या एकमताची नाही. एका टोकाला फुल डुप्लेक्स (एकाच वेळी पाठवणे आणि घेणे) पक्के केलेले आणि दुसरे स्वतः ठरवणारे असेल, तर दुसरे टोक हाफ डुप्लेक्स (एका वेळी एकच) धरते. दिवा लागतो, पिंगला उत्तर येते, पण मोठी फाइल रखडते. इथेही सुटका वेगळेपणामुळेच होते, कारण हबच्या जागी आलेल्या, व्यवस्थापन करता येणाऱ्या स्विचवर चुकांची मोजणी दर पोर्टाची स्वतंत्र असते. म्हणून आधी दिवा, मग पत्ता, मग पिंग, मग पोर्टावरच्या चुका हा आजचा क्रम केवळ सवयीचा नाही. त्याची पहिली पायरी भक्कम आहे ती दोषाला एका तारेपुरते बांधून ठेवणाऱ्या मांडणीमुळे, आणि पुढच्या पायऱ्यांना अर्थ येतो तोही त्यामुळेच.