शिट्टी कुणाच्या गळ्यात?

आजचा एपिसोड थोडा घरचाच आहे. गेल्या रविवारी बारा वर्षांखालच्या पोरांची मॅच होती आणि ठरलेला रेफ्री आलाच नाही. मी आठवडाभर कोड लिहिणारा माणूस, रविवारी कोचच्या हाताखाली कोन मांडतो, बॉलमध्ये हवा भरतो, एवढंच. शिट्टी माझ्या गळ्यात पडली. दुसऱ्या हाफमध्ये मी पेनल्टी दिली आणि एक बाबा थेट मैदानात घुसले. नको ते बोलले. ते मी गिळलं असतं, पण त्यांचाच मुलगा शेजारी मान खाली घालून बुटाची लेस बघत होता. ते काही डोक्यातून जाईना. म्हणून बसलो वाचत, की हा रेफ्री आला तरी कुठून?

तर १८६३ साली लंडनमध्ये फुटबॉल असोसिएशनने जे पहिले नियम लिहिले, त्यांत रेफ्री नाहीच! खेळणारे बहुतेक बड्या शाळांतून शिकलेले साहेब लोक. वाद झाला तर दोन कॅप्टन आपसात मिटवणार. पुढे दोन्ही टीम आपापला अंपायर आणू लागल्या. आता माझा माणूस माझ्याच बाजूने बोलणार ना? मग त्या दोघांचं जमलं नाही तर मैदानाबाहेरच्या तिसऱ्याकडे दाद मागायची. ज्याच्याकडे प्रकरण रेफर करायचं, तो रेफ्री. आपला 'पंच' शब्दही असाच, भांडण घेऊन चार लोक ज्यांच्याकडे जातात त्यांचा. आणि दाद मागितल्याशिवाय निर्णय नाही; क्रिकेटमध्ये अपील अजून शिल्लक आहे, तसंच.

१८८५ मध्ये पैसे घेऊन खेळायला परवानगी मिळाली, १८८८ मध्ये १२ क्लबांची लीग सुरू झाली. पैसा आला आणि 'आपसात मिटवू' संपलं. १८९१ मध्ये रेफ्री मैदानाच्या आत आला, अंपायर कडेला जाऊन लाइन्समन झाले. पेनल्टी किकही त्याच वर्षीची, आणि ती सुचवली आयर्लंडच्या विल्यम मॅक्रम नावाच्या गोलकीपरने! साहेब लोक दुखावले, सभ्य माणूस मुद्दाम फाउल करेल असं समजताच कसं तुम्ही? १८९४ पासून अपीलही गेलं. सगळे निर्णय एका माणसाचे. माझ्या मते शिव्यांना कायमचा पत्ता मिळाला तो तेव्हा.

आता माझा आवडता माणूस, केन ॲस्टन. पेशाने शाळामास्तर. १९६२ च्या वर्ल्डकपमध्ये चिली-इटलीची ती कुप्रसिद्ध मारामारीची मॅच त्यानेच सांभाळली. १९६६ ला तो रेफ्रींचा प्रमुख होता. इंग्लंड-अर्जेंटिना मॅचमध्ये जर्मन रेफ्रीने रॅटिनला बाहेर काढलं, पण रेफ्रीला स्पॅनिश येईना आणि रॅटिन जाईना. ॲस्टनला स्वतः उतरून समजूत घालावी लागली. त्याच विचारात गाडी चालवताना केन्सिंग्टनच्या सिग्नलला त्याला सुचलं: पिवळा म्हणजे सांभाळ, लाल म्हणजे थांब. १९७० च्या मेक्सिको वर्ल्डकपला कार्डं आली.

पण मला जास्त भारी वाटतो तो नंतरचा ॲस्टन. अमेरिकेत १९६४ साली सुरू झालेली मुलांची एक संस्था आहे, आयसो. प्रत्येक पोराला किमान अर्धी मॅच खेळवायचंच, हा तिचा नियम. कोच आणि रेफ्री बहुतेक आईबाबाच. वर्ल्डकपवाला हा माणूस पुढे बरीच वर्षं त्या आईबाबांना रेफ्रीगिरी शिकवत राहिला.

उलट टोकाची गोष्ट सांगताना जड जातं. डिसेंबर २०१२, नेदरलँड्समधलं अल्मेरे. मुलाच्या क्लबसाठी हौसेने लाइनवर झेंडा धरणाऱ्या एका बापाला मॅचनंतर समोरच्या टीमच्या पोरांनी मारलं. दुसऱ्या दिवशी तो गेला. पुढच्या शनिवार-रविवारी देशातलं हौशी फुटबॉल बंद ठेवलं गेलं. इंग्लंडमध्ये २०२३ पासून स्थानिक सामन्यांत काही रेफ्रींच्या छातीवर कॅमेरे लावून बघताहेत.

माझ्याकडे कॅमेरा नाही. काल त्या बाबांना मेसेज टाकला: 'दादा, येत्या रविवारी लाइनवर झेंडा धराल का? फक्त बॉल बाहेर गेला की वर करायचा.' ब्लू टिक आल्यात. उत्तर अजून नाही.