माडावरचे आजोबा आणि माझ्या सिनॉप्सिसमधलं चुकलेलं वाक्य

माझ्या सिनॉप्सिसचं पहिलं वाक्य असं होतं: ‘माड चढण्याच्या कामामुळे शरीर उतारवयातही सुदृढ राहते.’ गाइडनी त्याखाली पेन्सिलने एकच शब्द लिहून कागद परत दिला. ‘कुणाचे?’

मला रागच आला. उत्तर तर मी लहानपणापासून बघत होते. वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या गावात माझे चुलत आजोबा साठी उलटल्यावरही पायात काथ्याच्या दोरीचं वळं अडकवून सरसर माडावर जायचे. त्यांच्या वयाचे माझे शहरातले नातेवाईक जिन्यावर धापा टाकायचे. पुरावा अजून काय हवा?

पुराव्यासाठी मी जुने कागद बघायला लागले. विज्ञानातून इतिहासाकडे वळलेल्या माणसाला आकडे दिसले की बरं वाटतं, आणि माडीच्या धंद्याचे आकडे ब्रिटिशांनी भरपूर ठेवलेत. कोकणात हा भंडारी समाजाचा परंपरागत धंदा. गोव्यात माडी काढणाऱ्याला रेंदेर म्हणतात. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याच्या व्यवस्थेत माडी काढायला परवाना लागायचा आणि कर झाडामागे बसायचा. म्हणजे सरकारला झाडांची संख्या नेमकी माहीत असणं गरजेचं होतं. झाडावर कोण चढतो, त्याचं वय काय, त्याचा गुडघा दुखतो का, हे माहीत असायची काहीच गरज नव्हती. परवाना तर अनेकदा मक्तेदाराच्या किंवा दुकानदाराच्या नावावर, आणि चढणारा त्याचा गडी. समजा एखाद्याच्या नावावरची झाडं वीसची बारा झाली. झाडं मेली, कर वाढला, की त्याला वर जाणं झेपेना? नोंदीत तिन्ही गोष्टी सारख्याच दिसतात.

कागद गप्प बसले म्हणून मी वहीत गणित मांडलं. (ही सवय सोडू नका, फार उपयोगी पडते.) समजा 60 किलोचा माणूस 12 मीटर उंचीच्या 15 माडांवर दिवसातून दोनदा चढतो. एकूण चढ 360 मीटर. वजन तेवढं वर उचलायला लागणारी ऊर्जा निघते फक्त 50 किलोकॅलरीच्या आसपास. स्नायूंची कार्यक्षमता 20 टक्के धरली, तरी 250. मी दोनदा तपासलं. एवढ्या कष्टाच्या कामाचा हिशोब दोन-तीन भाकरींवर मिटतो! अर्थात यात उतरणं नाही, कोयत्याचं काम नाही आणि धरून राहणंही नाही. खरी गोम तिथेच आहे. 12 मीटर एका मिनिटात चढायचं म्हणजे चार मजले एका मिनिटात, साधारण 120 वॅट. वय वाढलं की माणूस साहजिकच सावकाश चढतो. पण सावकाश चढलं की खोडाला धरून राहायचा वेळ वाढतो आणि पकड थकते. जिन्यावर मधे थांबलं की विश्रांती मिळते. माडावर मधे थांबणं हेही कामच. माझ्या वाक्यातल्या ‘सुदृढ’ या एका शब्दात दम, पकड, तोल आणि नजर या चार वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या होत्या.

कागदात नाही, तर निदान शरीरात तरी या कामाची खूण राहते का? 2013 साली वेंकटरामन, क्राफ्ट आणि डॉमिनी यांनी युगांडातल्या ट्वा आणि फिलिपिन्समधल्या आग्टा लोकांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. हे लोक मधासाठी झाडावर चढतात. शेजारच्या शेतकरी समाजांच्या तुलनेत त्यांच्या पोटरीच्या स्नायूंचे तंतू लांब निघाले. ट्वा चढताना घोटा इतका वाकवतात की तुमचा-माझा तिथे दुखावेल. पण हा बदल स्नायूंमधला. हाडांवरून तो ओळखता येत नाही, म्हणजे सांगाडा हातात आला तरी हा माणूस चढणारा होता की नाही हे घोट्यावरून सांगणं अवघड.

गाइडच्या ‘कुणाचे?’चं उत्तर मला माडाशी काहीच संबंध नसलेल्या माणसाकडे मिळालं. इंग्लंडमध्ये विल्यम ओगल हे डॉक्टर व्यवसायवार मृत्यूदर तपासत होते. 1885 मध्ये त्यांनी लिहिलं की अंगमेहनतीचे धंदे आकड्यांत निरोगी दिसतात, कारण अशक्त माणसं त्यांत शिरत नाहीत, आणि ज्यांची ताकद जाते ती बाहेर पडून हलक्या कामांकडे वळतात. आजच्या साथरोगशास्त्रात याला ‘निरोगी कामगार परिणाम’ म्हणतात. साठीतले आजोबा मला माडावर दिसत होते, कारण जे चढू शकत नव्हते ते माडावर नव्हतेच!

मग ते कुठे होते? काही इस्पितळात. पापुआ न्यू गिनीच्या मिल्ने बे प्रांतात काम करणारे डॉक्टर पीटर बार्स यांचे 1984 साली दोन निबंध आले. एक डोक्यावर नारळ पडून होणाऱ्या इजांवर; त्याला 2001 मध्ये इग नोबेल मिळालं आणि जग हसलं. दुसरा, सहकाऱ्यांसोबतचा, झाडावरून माणसं पडण्यावर. तिथल्या प्रांतिक इस्पितळात इजेमुळे दाखल झालेल्यांपैकी चौथ्या हिश्श्याहून जास्त लोकांच्या इजा झाडाशी संबंधित होत्या. हा दुसरा निबंध फारसा कुणाला आठवत नाही. गंमत वाटली नाही मला.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्याने माडीचा धंदाच मोडला. त्या पिढीतल्या अनेकांनी माडी काढणं सोडलं ते वयामुळे नव्हे, कायद्यामुळे. कोण किती वर्षं चढू शकला असता, हा प्रश्न तिथेच संपतो. केरळात मात्र 1969 मध्ये ताडी कामगारांसाठी कल्याण निधीचा कायदा झाला आणि चढणारा माणूस, त्याचं नाव, त्याचं निवृत्त होणं सरकारी कागदात आलं. पुढचं वाचन मी तिकडचं करणार आहे.

केरळातूनच चढायचं यंत्रही आलं. कण्णूर जिल्ह्यातल्या चेंबेरीचे एम. जे. जोसेफ यांनी दोन पायट्यांचं साधन बनवलं. त्यात भार पायट्यांवर आणि खोडाभोवतीच्या तारेच्या फासावर येतो, मुठीवर नाही. वर सांगितलेल्या चारपैकी पकडीची अट यंत्राने बरीच सैल केली. 2011 मध्ये नारळ विकास मंडळाने यंत्रावर चढायचं प्रशिक्षण सुरू केलं, त्यात बायकाही शिकल्या. तोल आणि नजर यांना मात्र यंत्रात पर्याय नाही.

मागच्या मे महिन्यात गावी गेले तेव्हा मी प्रश्न बदलला. ‘अजून कोण चढतं?’ असं न विचारता ‘चढणं कुणी सोडलं, आणि कुठल्या वर्षी?’ असं विचारलं. पहिल्या प्रश्नाला दोन नावं मिळायची. दुसऱ्याला एका दुपारीत अकरा मिळाली: कंबर, मोतीबिंदू, मुलगा मुंबईला, एक जण पडलेला. शेवटी आजोबांनाच विचारलं, तुम्ही कशाने थांबलात? ते म्हणाले, “चढूक येता गो. उतरूक भिती वाटता.” उतरताना खोड पायाच्या तळव्याने शोधावं लागतं, खाली दिसत नाही, हे त्यांनी मला अंगणातल्या माडाला पाय लावून दाखवलं. माझ्या प्रश्नावलीत उतरण्याबद्दल एकही प्रश्न नव्हता. तो आता तिसऱ्या क्रमांकावर आहे.